बेचाळीस अंशांत चिकट राहिलेला जेलकोट

उन्हाळा चढला की सोलापूरच्या पेपरांत एक आकडा रोज छापला जातो: उजनी किती मायनसमध्ये गेली. भीमेवरच्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून जास्त साठा मृत मानलेला. त्यामुळे उपयुक्त पाणी संपलं तरी धरण कोरडं पडत नाही, आकड्यामागे फक्त उणे चिन्ह लागतं आणि शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. होडीवाल्यांच्या दृष्टीनं मात्र हा डागडुजीचा हंगाम. पाणी मागे सरकतं, पळसदेवच्या जुन्या मंदिरासारखी धरण होण्याआधीची बांधकामं वर येतात आणि करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा पाच तालुक्यांत पसरलेल्या या जलाशयाच्या काठावर होड्या उपड्या पडलेल्या दिसू लागतात.

यातल्या काही लाकडी, काही पत्र्याच्या, काही फायबरच्या. मासेमारी, पलीकडच्या गावाला जाणं, भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांना फिरवणं, सगळी कामं यांवरच चालतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले, तेव्हा इथली होडी किती नित्याचं वाहन आहे हे बाहेरच्यांना कळलं. तो घात वाऱ्याचा होता, डागडुजीशी त्याचा संबंध नव्हता. पण ज्या वाहनावर रोज माणसं बसतात त्याच्या तळाला पडलेला ओरखडा कोणी कसा बुजवला, हा प्रश्न निव्वळ रंगरंगोटीचा राहत नाही.

फायबरच्या होडीचा तळ दगडावर घासला की आधी निघतो तो वरचा गुळगुळीत, रंगीत थर. त्याला जेलकोट म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. आतली काचेच्या तंतूंची चटई आणि तिला बांधून ठेवणारं रेझिन यांना ऊन-पाण्यापासून वाचवणं हे त्याचं काम. तो निघाला की होडी लगेच बुडत नाही. पाणी मात्र आत झिरपायला लागतं, आतले विरघळणारे अंश घेऊन थरांमध्ये साठतं आणि काही हंगामांनी तळाला फोड येतात. म्हणून होडीवाला सोलापुरातून किंवा पुण्यातून डबा आणतो, खड्डा भरतो, ब्रशनं दोन हात मारतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी बोट लावून बघतो तर बोट चिकटतं. तिसऱ्या दिवशीही. वर धूळ बसलेली, त्यात दोन-चार चिलटं अडकलेली.

पारा बेचाळिसावर, दुपारी डांबर वितळतंय, आणि हा अर्धा मिलिमीटरचा थर सुकत नाही म्हणजे काय?

याचं उत्तर असं की जेलकोट सुकतच नाही. ऑइल पेंट सुकतो, चुना सुकतो, वाळवणं सुकतात. जेलकोट घट्ट होतो तो रासायनिक क्रियेनं, आणि त्या क्रियेला ऊन मदत करतं तसं नडतंही. डब्यातलं द्रव्य म्हणजे पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या स्टायरीन नावाच्या उग्र वासाच्या द्रवात विरघळवलेल्या. त्यात हार्डनर पडला की स्टायरीनचे रेणू शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडू लागतात. जोडणी पुरी झाली की आधी जाळं, मग दगड. स्टायरीन इथं थिनर नव्हे. तो उडून जायला नको असतो, त्याला आतच राहून काम करायचं असतं. ‘वास गेला म्हणजे सुकलं’ हा रंगकामातला हिशेब इथं उलटा पडतो.

या क्रियेचे तीन गडी आहेत आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा तीन वेगळ्या बाटल्यांत मिळतात. पहिलं रेझिन किंवा जेलकोट. दुसरं कोबाल्ट, जांभळट-निळं, ज्याला दुकानदार एक्सिलरेटर म्हणतो. तिसरा पाण्यासारखा नितळ हार्डनर, ज्याचं पूर्ण नाव मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड आणि चालू नाव एमईकेपी. हार्डनर फुटून क्रियेची ठिणगी टाकतो. पण साध्या हवेच्या तापमानाला तो आपण होऊन नीट फुटत नाही, कोबाल्ट त्याला फोडतो. काही डब्यांत कोबाल्ट कारखान्यातच घातलेलं असतं, काहींत नसतं. घोटाळ्याची सुरुवात इथूनच. गेल्या वर्षी आणलेल्या डब्यात कोबाल्ट होतं म्हणून यंदाच्याही डब्यात असेल असं धरून नुसता हार्डनर घातला, तर माल दोन दिवसांनीही तसाच वाहता राहतो. दोष कुठल्याच बाटलीचा नसतो. डबा घेताना ‘यात कोबाल्ट आहे का?’ एवढं विचारायचं राहून गेलेलं असतं.

कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. या दोघांची गाठ रेझिनच्या बाहेर पडली तर भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोघांना एक चमचा वापरायचा नाही, दोन बाटल्या एका पिशवीत आडव्या टाकून मोटारसायकलवरून आणायच्या नाहीत.

गॅरेजमधून येणारा गोंधळ वेगळाच. गाडीच्या पुट्टीबरोबर हार्डनरची लाल ट्यूब मिळते. नाव हार्डनरच, कामही तसंच, म्हणून कोणीतरी ती जेलकोटमध्ये पिळतं. त्या ट्यूबमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं आणि त्याला फोडायला कोबाल्ट नव्हे, अमाइन जातीचं वेगळं द्रव्य लागतं. ते पुट्टीत आधीच घातलेलं असतं, जेलकोटमध्ये नसतं. ट्यूब संपते, जेलकोट गुलाबी होतो आणि ओलाच राहतो.

आता खरा मुद्दा. चिकटपणा हा एकच आजार नाही, दोन आजार आहेत आणि दोघांची औषधं वेगळी. एकात थर आतून पक्का झालेला असतो, फक्त वरचा पापुद्रा चिकट. दुसऱ्यात वरपासून खालपर्यंत सगळंच कच्चं. ओळख पटवल्याशिवाय हात घातला तर पहिल्या प्रकारात चांगला थर खरवडून वाया जातो, आणि दुसऱ्यात कच्च्या थरावर नवा थर चढून दुखणं झाकलं जातं. गावोगावी दुरुस्त्या बिघडतात त्या बहुधा याच घाईनं.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन चिकट जागा पुसायची. वरचं पुसून गेलं आणि खाली नख रुतत नाही असा कडक थर लागला, तर आजार पहिला. फडक्यावर रंग येतच राहिला, पुसलेली जागा मऊ पडली, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबताच आत गेलं, तर दुसरा. दुसरी खूण मिश्रणाच्या डब्यात मिळते. ज्या प्लॅस्टिकच्या मगात मिसळलं तो फेकून देऊ नये, तळाशी उरलेला माल बघावा. मगातला माल दगड झालाय आणि होडीवरचा चिकट आहे, तर तिन्ही गड्यांची बेरीज बरोबर होती, बिघाड पातळ थरात किंवा हवेत आहे. मगातलाही कच्चा, तर हार्डनर, कोबाल्ट नाहीतर तापमान यांपैकी काहीतरी चुकलंय. इथं थोडी सावधगिरी हवी. मगातला साठा स्वतःच्याच उष्णतेनं तापतो आणि पातळ थराच्या मानानं लवकर पक्का होतो. त्यामुळे मग दगड झाला म्हणून हार्डनर पुरेसा होताच, असं छातीठोक म्हणता येत नाही. मग कच्चा राहिला, तर मात्र शंकेला जागा नाही.

वरचाच पापुद्रा चिकट राहण्याचं कारण आपल्या नाकासमोर असतं: हवा. हवेतला ऑक्सिजन जोडणीच्या क्रियेत नाक खुपसतो. साखळी जोडायला निघालेल्या टोकाला तो आधीच चिकटतो आणि ते टोक सुस्त पडतं. पृष्ठभागावरची एक बारीकशी पातळी त्यामुळे कायम अर्धवट राहते. जेलकोट बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, उलट त्यांना ते हवंच असतं. नवी होडी बनते तेव्हा जेलकोट साच्याच्या आतल्या अंगाला लावतात. त्याची चकचकीत बाजू साच्याला टेकलेली, तिथं हवा नाही. मागची बाजू उघडी, ती चिकट राहते, आणि त्या चिकटपणावर काचेची चटई व रेझिनचा पुढचा थर घट्ट धरतो. दुरुस्तीत सगळं उलटं होतं. जेलकोट सर्वांत शेवटी, सर्वांत वर, उघड्या हवेत. कारखान्यात जी बाजू चिकट असणं गुण होता, तीच इथं जगाला दिसते.

म्हणून बाजारात जेलकोटच्या दोन जाती असतात: साध्या आणि मेणाच्या. मेणाच्या जातीत पॅराफिन मेण स्टायरीनमध्ये विरघळवून घातलेलं असतं. थर बसू लागला की मेण वर येतं, साय धरल्यासारखी एक पातळ पापडी तयार होते आणि हवा अडते. साधा जेलकोट आणलाच असेल तर मेणाचं द्रावण वेगळं मिळतं. तेही नसेल तर थर जरा बसू लागल्यावर त्यावर पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म हलक्या हातानं टेकवायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. किंवा पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं द्रावण फवारायचं. त्याची फिल्म धरते आणि काम झाल्यावर साध्या पाण्यानं धुऊन जाते. मेणाची एक अट आहे. त्यावर पुन्हा थर द्यायचा असेल तर आधी मेण पुसून पृष्ठभाग पॉलिश पेपरनं खरबरीत करावा लागतो. मेणावर जेलकोट धरत नाही, सोलून निघतो. मेण फक्त शेवटच्या थरात घालावं ते यासाठीच.

ही झाली कुठल्याही गावची गोष्ट. सोलापूरचं ऊन तिला स्वतःची फोडणी देतं.

मेण वर येण्यासाठी त्याला आधी द्रावणातून वेगळं व्हावं लागतं, आणि तापलेल्या पृष्ठभागावर ते द्रावणातच राहतं. भर उन्हातला होडीचा तळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, गडद रंगाचा असेल तर हात ठेववत नाही. म्हणजे मेणाचा जेलकोट आणूनही तो दुपारी दोनला लावला तर चिकटच. त्यात भर वाऱ्याची. माळावरच्या झळा पातळ थरातलं स्टायरीन जोडणी होण्याआधीच उडवून नेतात. जोडणारेच निघून गेले, साखळ्या एकट्या उरल्या. असा थर नंतर कितीही दिवस ठेवा, पक्का होत नाही, कारण घट्ट व्हायला लागणारं द्रव्यच त्यात उरलेलं नसतं. ‘अजून दोन दिवस ऊन खाऊ दे’ हा सल्ला इथं फुकट जातो.

तिसरी मेख माणसाच्या हुशारीची. उन्हाळ्यात हार्डनर घातला की माल मगातच पाच-सात मिनिटांत गोळा होऊ लागतो. ढोबळ मानानं तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग दुप्पट होतो, त्यामुळे पंचवीस अंशांना वीस मिनिटं हातात देणारं मिश्रण बेचाळिसात सहा-सात मिनिटंच देतं. मग अनुभवी माणूस हार्डनर कमी करतो. दोन टक्क्यांऐवजी एक, एकाऐवजी अर्धा. वेळ मिळतो, ब्रश सुखानं फिरतो, पण ठिणग्याच कमी पडल्यानं जोडणी अर्ध्यावर थांबते. जेलकोटमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्के असावा आणि एकाच्या खाली कधीही उतरू नये. गरमी आवरायची असेल तर हार्डनर नव्हे, घड्याळ बदलावं. पहाटे साडेपाचला काम काढावं, आदल्या दिवसापासून होडीवर ताडपत्रीची सावली करावी, तळ हाताला गार लागला पाहिजे, आणि एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच माल कालवावा.

उलट बाजूनं, जास्त हार्डनर म्हणजे जास्त पक्कं असंही नाही. तीन टक्क्यांच्या पुढं गेलं की न वापरलेला हार्डनर थरातच अडकून राहतो, थर मऊ किंवा ठिसूळ होतो, पांढरा रंग पिवळा पडतो.

डिसेंबर-जानेवारीत परिस्थिती पालटते. दिवस उबदार असला तरी रात्री पारा पंधराच्या खाली येतो आणि पाण्याच्या काठाला त्याहून गारठा. जेलकोटचे बहुतेक उत्पादक पंधरा ते अठरा अंशांखाली काम न करायला सांगतात. संध्याकाळी चारला लावलेला थर बसायला लागतो न लागतो तोच थंडी पडते आणि क्रिया झोपी जाते. अशा थराची आशा सोडू नये. सकाळी ऊन आलं, किंवा हॅलोजनचा दिवा हातभर अंतरावर लावून पृष्ठभाग चाळीस-पन्नास अंशांपर्यंत उबदार ठेवला, तर तो पुढं सरकतो. उन्हाळ्यात बिघडलेल्या थरापेक्षा थंडीनं अडलेला थर वाचण्याची शक्यता नक्कीच जास्त. मात्र दिवा लावण्याआधी स्टायरीनची वाफ पेट घेते हे लक्षात ठेवावं. ताज्या, वास मारणाऱ्या थराजवळ उघडी ठिणगी नको, बंद शेडमध्ये तर नकोच.

मापाचं काय? बाटलीचं टोपण, चहाचा चमचा, ‘अंदाजानं दोन धारा’ ही सगळी मापं चालू आहेत आणि सगळी घातक. पाचशे ग्रॅम जेलकोटला दीड टक्का म्हणजे साडेसात ग्रॅम हार्डनर. हार्डनर पाण्याहून जरा जड असल्यानं ते होतं साडेसहा मिलिलिटरच्या आसपास. मेडिकलमध्ये मिळणारी दहा मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज आणि किराणा दुकानात असतो तसा डिजिटल काटा, एवढ्यावर निम्मे बिघाड टळतात. हार्डनर डोळ्यात उडाला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून सिरिंज भरताना गॉगल लागतोच. उडालाच तर पंधरा मिनिटं डोळा वाहत्या पाण्याखाली धरायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

लहान डागाला तर माप आणखी अवघड. तळहाताएवढ्या जागेवर अर्धा मिलिमीटर थर द्यायला आठ-दहा ग्रॅम माल पुरतो. त्याला हार्डनर लागतो चार-पाच थेंब. दोन थेंब इकडेतिकडे झाले की टक्केवारी दीडाची एकावर किंवा दोनावर जाते. त्यापेक्षा पन्नास-शंभर ग्रॅम कालवून निम्मा माल फेकलेला परवडतो. कंजूषपणा इथं महागात पडतो. फेकायचा उरलेला माल झाकून ठेवू नये, तो मगातच तापून धूर सोडतो. हार्डनर लागलेल्या चिंध्याही पाण्यात बुडवूनच टाकाव्यात, ढिगात ठेवल्या तर आपोआप पेटू शकतात.

मोजलं बरोबर पण ढवळलं अर्धवट, असंही होतं. त्याची खूण चटकन ओळखू येते: थर पट्ट्यापट्ट्यांनी पक्का आणि मध्ये मऊ ठिगळं. मगाच्या कडेला आणि तळाला चिकटलेला माल हार्डनरपर्यंत पोहोचलेलाच नसतो आणि ब्रशचा शेवटचा हात नेमका तोच घेऊन येतो. दोन मिनिटं कडा-तळ खरवडत ढवळावं, मग सगळं दुसऱ्या कोरड्या मगात ओतून पुन्हा ढवळावं.

पातळपणाही नडतो. भिंतीला डिस्टेंपर मारावा तसा जेलकोट ओढून ओढून पसरवला तर तो पाव मिलिमीटरच्याही खाली जातो. एवढ्या थरात क्रियेची ऊब साठत नाही आणि स्टायरीन भराभर उडतं. त्यावर दुसरा थर आला की त्यातलं ताजं स्टायरीन खालच्या कच्च्या थराला फुगवतं आणि सगळं अंग सुरकुतून वर येतं. घट्ट जेलकोट ब्रशनं ओढला जात नाही म्हणून रंगाच्या दुकानातला एनसी थिनर घालणं हा त्यावरचा लोकप्रिय आणि वाईट उपाय. थिनर आत अडकतो, थर मऊ राहतो. पातळ करायचंच तर थोडं स्टायरीन, तेही उत्पादकानं सांगितलेल्या मर्यादेत. ॲसिटोन ब्रश धुण्यापुरतं. धुतलेला ब्रश झटकून पूर्ण कोरडा झाल्याशिवाय जेलकोटमध्ये बुडवू नये. उजनीच्या काठावर तर ब्रश जाता जाता पाण्यात खळबळून घ्यायची सवय असते, आणि पाणी हा या क्रियेचा जुना वैरी आहे. वळवाची सर येऊन गेलेल्या संध्याकाळी होडी वरून कोरडी दिसते, पण उघड्या पडलेल्या काचेच्या चटईनं पाणी धरून ठेवलेलं असतं. तिला एक-दोन दिवस उन्हात सोडल्याशिवाय बंद करू नये. ऊन इथं खरंच कामी येतं.

एक बिघाड असा की त्याला सगळं मोजमाप बरोबर असूनही उत्तर सापडत नाही. भोक आधी एम-सीलनं किंवा अराल्डाइटनं बुजवलेलं असतं आणि त्यावर जेलकोट दिलेला. चारी बाजूंचा जेलकोट कडक, नेमका बुजवलेल्या जागेवरचा चिकट. ही दोन्ही इपॉक्सी कुळातली. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाइन असतं, ते पुरतं वापरलं गेलं नसेल किंवा पृष्ठभागावर उरलं असेल तर पॉलिएस्टरची जोडणी तिथंच अडते. इपॉक्सी आणि पॉलिएस्टर यांची तऱ्हाच वेगळी. इपॉक्सीत दोन्ही भाग एकमेकांत पूर्ण मिसळून संपतात, म्हणून तिथं हार्डनर निम्मा-पाव भागही असतो. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर फक्त ठिणगी. इपॉक्सीच्या खड्ड्यावर जेलकोट द्यायचाच असेल तर इपॉक्सी पूर्ण पक्की होऊ द्यावी, साबण-पाण्यानं घासून धुवावी, खरबरीत करावी आणि तरी आधी कोपऱ्यात नमुना लावून बघावा. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली धरते. उलट दिशेनं तीच ग्वाही देता येत नाही.

याचा अर्थ इपॉक्सी होडीला वर्ज्य, असा नाही. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये ज्या ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, शिडाच्या नौकेतून असं करणारे ते पहिले भारतीय, ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर काचतंतू-इपॉक्सीचं कवच. सहा महिला अधिकाऱ्यांना २०१७-१८ मध्ये जगाभोवती घेऊन गेलेली ‘तारिणी’ही तिथलीच. म्हणजे इपॉक्सी तीन महासागर सोसते. तिचं आणि जेलकोटचं एका खड्ड्यात जमत नाही, एवढंच.

थर बिघडलाच तर? फक्त वरचा पापुद्रा चिकट असेल तर ॲसिटोननं पुसून घ्यावा, मग वॉटर पेपरनं पाणी लावत घासावा, आधी २२० नंबर, मग ४००, ८००, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. पुसल्याशिवाय कोरडा घासला तर कागद दोन हातांत भरून जातो. सगळा थर कच्चा असेल तर एक दिवस सावलीत ऊब द्यावी. तरी नख रुतलं तर दया दाखवू नये. पुट्टीच्या पत्तीनं सगळं खरवडून, ॲसिटोननं धुऊन, खालचा पक्का थर खरबरीत करून नव्यानं सुरुवात. चिकट थरावर वरून हार्डनर चोळण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो थराच्या आत शिरत नाही. वरची पापडी करपल्यासारखी कडक होते, खाली लापशी तशीच, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी फोड.

हे सगळं करताना स्टायरीनचा वास नाकात जातो त्याकडे दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१८ मध्ये स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. तोंडावर उपरणं बांधून तो अडत नाही, त्याला कार्बन काडतुसाचा मास्क लागतो.

डबे कुठं ठेवले होते हाही प्रश्न विचारायला हवा. रेझिनला आयुष्य असतं, पंचवीस अंशांना काही महिन्यांचं. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये एप्रिल-मे काढलेला डबा त्याच्या बराच आधी म्हातारा होतो: घट्ट, दोरे सुटणारा, कधी तळाशी आधीच गोळा झालेला. हार्डनरही उन्हात आपला जोर गमावतो. डब्यावरची तारीख बघून घ्यावी, आणि गेल्या हंगामातला माल वापरायचा असेल तर होडीला हात लावण्याआधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना लावून रात्रभर ठेवावा.

पाहुण्यांना फिरवणाऱ्या होडीला जेलकोटची चकाकी हवी हे कबूल. पण जाळी आणि बर्फाच्या पेट्या वाहणाऱ्या कामाच्या होडीला एवढा अट्टहास कशासाठी, असं विचारायला हरकत नाही. खड्डा इपॉक्सीनं भरावा, घासून सपाट करावा आणि वरून दोन भागांचा पीयू पेंट मारावा. त्याला मेण लागत नाही, हवेचा अडथळा नाही, आणि इपॉक्सीशी त्याचं चांगलं जमतं. थर पातळ, त्यामुळे दगडावर घासल्यावर लवकर निघतो, पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मारायला एक सकाळ पुरते. फक्त त्याचा हार्डनर आयसोसायनेट जातीचा, म्हणजे फवारताना मास्कशिवाय गत्यंतर नाही, आणि हवेतला दमटपणा त्याला बाधतो. वळवाचे ढग भरून आलेल्या संध्याकाळी तोही हाती घेऊ नये.